गाडी थांबते तिथे पेठ वसते

श्रीरामपूरला रेल्वेने जाणाऱ्या नवख्या माणसाची एकदा तरी फसगत होते. गाव श्रीरामपूर, पण स्टेशन बेलापूर. 'श्रीरामपूर' अशी पाटी दिसायची वाट बघत खिडकीशी बसून राहिलात, तर गाडी राहुरीच्या वाटेला लागलेली असते.

या दोन नावांत एका पेठेची सगळी कुळकथा आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हा या भागातलं नावाजलेलं गाव म्हणजे प्रवरेकाठचं बेलापूर. रूळ गावातून गेले नाहीत, काही किलोमीटर बाजूने माळावरून गेले. स्टेशनाला नाव मात्र जवळच्या मोठ्या गावाचं दिलं. तेव्हाची रीतच ती. मग धान्याची पोती स्टेशनाकडे जाऊ लागली. पोत्यांमागे आडते गेले, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारे; आडत्यांमागे हमाल, हमालांमागे चहावाला आणि भजीवाला. भंडारदऱ्याचं पाणी कालव्याने आलं, ऊस आला, आणि माळावरची ती वस्ती तालुक्याचं गाव होऊन बसली. बेलापूर जागच्या जागीच राहिलं, फक्त त्याचा बाजार उठून गेला.

प्रत्येक तालुक्यात अशी एखादी तरी जोडी सापडते: एक गाव जिथे 'पूर्वी मोठी पेठ होती', आणि एक जिथे 'पूर्वी काही नव्हतं'. पारावर याची कारणं ठरलेली असतात. व्यापारी पुण्याला गेले. पुढाऱ्यांनी वाटोळं केलं. लोकांना कष्ट नकोत. यातलं काही अगदीच खोटं नाही, पण त्या लोकांना जायची बुद्धी तेव्हाच का झाली, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. मला जे उत्तर पटलंय ते साधं आहे. पीक शेकडो गावांत येतं, पेठ मात्र एखाद्याच गावात होते, आणि ती होते मालाला जिथे थांबावंच लागतं तिथे.

थांबावं लागण्याची कारणं अनेक. घाट उतरून बैल दमतात. नदीला पूर असतो. राज्याची हद्द लागते, नाक्यावर झडती होते. रुळांची रुंदी बदलते, म्हणून एका डब्यातला माल दुसऱ्यात भरावा लागतो. किंवा नुसता दिवस मावळतो. माल थांबला की त्याच्याभोवती माणसं लागतात: तोलणारा मापाडी, उतरवणारा हमाल, ठेवून घेणारा वखारवाला, आगाऊ पैसे देणारा सावकार, जेवू घालणारी खानावळ. त्या थांब्यावर यांची पोटं चालतात. थांब्याचं कारण संपलं की पेठेला दुसरं कारण शोधावं लागतं. ते सापडलं तर गाव तगतं, नाही तर गावात मोठमोठे वाडे उरतात आणि त्यांना कुलपं.

जुन्या दप्तरात गावाच्या नावाआधी 'मौजे' असतं किंवा 'कसबे'. साधं गाव ते मौजे, बाजार असलेलं ते कसबे. कसब्याच्या पेठेला शेटे आणि महाजन हे वतनदार असायचे. बाजाराची व्यवस्था, वसूल, तंटे त्यांच्याकडे. नवी पेठ वसवायची तर सरकार कौल द्यायचं: या, दुकानं घाला, अमुक वर्षं पट्टी माफ. औद्योगिक वसाहतीत आज करसवलत देतात ती काही नवी अक्कल नव्हे.

हे बाजार एकमेकांपासून किती लांब, हे बैल ठरवायचे. भरलेली बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते. सकाळी निघून, विकून, मीठ-मिरची घेऊन दिवेलागणीला घरी यायचं तर बाजार दहा-बारा किलोमीटरच्या आत हवा. एवढ्याशा टापूत रोज बाजार भरवण्याइतकी गिऱ्हाईकं नसतात, म्हणून आठवड्यातून एकदा. सोमवारी या गावात, मंगळवारी शेजारच्या. बांगडीवाला, मसाल्याच्या पुड्यावाला, चपला शिवणारा हे सगळे फिरत राहायचे. गिऱ्हाईक दुकानाकडे येऊ शकत नव्हतं, म्हणून दुकानच गिऱ्हाइकाकडे जायचं.

वॉल्टर क्रिस्टालर नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ साली दक्षिण जर्मनीतल्या गावांवरून याचीच मांडणी केली. त्याच्या मांडणीचा गाभा दोन प्रश्नांत येतो. एखाद्या वस्तूसाठी माणूस किती लांब जायला तयार असतो? आणि ते दुकान चालायला किमान किती गिऱ्हाईकं लागतात? मिठासाठी माणूस वेशीपर्यंत जातो, मंगळसूत्रासाठी तालुक्याला, वकिलासाठी जिल्ह्याला. म्हणून लहान बाजार पुष्कळ, मोठे मोजके. क्रिस्टालरने नकाशावर षटकोन काढले. आपल्या दगडी, घाटमाथ्याच्या मुलखात ते षटकोन कुठेच नीट बसत नाहीत. तरी त्याचे दोन प्रश्न कुठल्याही पेठेला विचारून बघण्यासारखे आहेत.

मोगलाईच्या वेशीवरची बार्शी

आमचे आजोबा मोगलाईतले. म्हणजे निजामाच्या राज्यातले, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या बालाघाटावरच्या एका खेड्यातले. सुगी झाली की मध्यरात्री गाड्या जुंपायच्या, गाडीखाली कंदील टांगायचा आणि उजाडेपर्यंत घाट उतरायचा. वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. तिथली बोलणी उरकली की इंग्रजी हद्द, आणि मग बार्शी. गाडी ठरलेल्या आडत्याच्या दारात सोडायची. वैरण तिथलीच, आंघोळ तिथेच, जेवण आडत्याकडे, रात्री त्याच्याच ओसरीवर अंग टाकायचं. कनवटीला दोन प्रकारचे रुपये: निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. आजोबा म्हणायचे, हाली खेड्यात चालायचा, कलदार जगात.

बार्शी तालुका इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, पण त्याच्या बऱ्याचशा हद्दीला मोगलाई लागून. घाटावरचा कापूस, तूर, ज्वारी, जवस उतरून यायला हीच वाट सोयीची. १८६० पर्यंत मुंबईहून निघालेले रूळ सोलापूरपर्यंत पोचले होते आणि बार्शीला सर्वांत जवळचं स्टेशन कुर्डुवाडी; त्याचं तेव्हाचं नावच 'बार्शी रोड'. मधलं अंतर चौतीसेक किलोमीटर, ते पुन्हा बैलगाडीने. म्हणजे बार्शीत माल तीन कारणांनी थांबायचा: घाट संपला म्हणून, हद्द ओलांडली म्हणून, आणि पुढची गाडी वेगळी म्हणून. इतकी कारणं एका जागी जमली तर पेठ फुगायचीच. त्यात इंग्रजी हद्दीतलं कोर्ट, टपाल, तार, मुंबईच्या पेढ्यांची हुंडी. घाटावरच्या शेतकऱ्याला बार्शी लांब असली तरी पैसा बार्शीत होता.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने हे चौतीस किलोमीटर हेरले. १८९७ मध्ये त्याची बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. रूळ हलके, म्हणून डबे आणि इंजिन असे बांधले की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू नये. छोटी, स्वस्त, पण कामाची गाडी. मग ती पसरत गेली: १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज.

यातलं लातूर महत्त्वाचं. लातूरला रेल्वे पोचली तेव्हा बार्शीकरांना आनंदच झाला असणार. आपल्या गावाची गाडी थेट मोगलाईत गेली. पण नीट पाहिलं तर त्याच दिवशी एक थांबा कमी झाला. आधी घाटावरचा माल गाडीवाटेने बार्शीपर्यंत यायचा आणि इथे डब्यात चढायचा. आता तो लातूरलाच डब्यात चढू शकत होता. बार्शी त्याच्या वाटेवरचं एक स्टेशन झाली.

बहर लगेच ओसरला नाही, कारण हद्द शिल्लक होती. कलदार, कोर्ट आणि कर्ज अजून बार्शीकडेच होतं. कापडाची गिरणी निघाली, सरकी-जिनिंगचे कारखाने चालत होते. पण १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य गेलं आणि करोडगिरीचे नाके हळूहळू इतिहासजमा झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. ज्या रेषेवर बार्शी उभी होती ती रेषाच पुसली गेली. राजकारणाच्या दृष्टीने ती मुक्ती होती आणि आमच्या घरात आजही तसाच तिचा उल्लेख होतो. पेठेच्या हिशेबात मात्र दुसरा थांबा गेला. १९८२ मध्ये लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं. कचेऱ्या आल्या, कॉलेजं आली, डाळमिलं वाढली, आणि 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांनी पोरांचा लोंढा तिकडे वळवला. महामार्गांनीही बार्शीला हुलकावणी दिली. पुणे-सोलापूर रस्ता टेंभुर्णी-मोहोळवरून गेला, सोलापूर-धुळे रस्ता येडशीवरून.

कुर्डुवाडीची गंमत वेगळी. तिथे लहान डब्यातला माल मोठ्या डब्यात भरावा लागायचा. दोन रुळांच्या रुंदीतला फरक हाच त्या गावाचा धंदा. हमालांच्या टोळ्या, वखारी, छोट्या गाड्यांचा कारखाना, रेल्वेचे क्वार्टर. २००० नंतर टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग रुंद झाला आणि पोतं खाली न उतरवता लातूरहून मुंबईला जाऊ लागलं. सोय झाली हे खरंच. पण जंक्शनचा चहा थंड झाला. त्याच रुंद रुळांवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याचे डबे दुष्काळी लातूरला गेले. ज्या वाटेने पूर्वी तूर आणि कापूस खाली यायचा, त्या वाटेने पाणी वर चढलं. पेठ मोठी झाली तरी पाणी मोठं होत नाही, हे लातूरने तेव्हा सोसलं.

रुमालाखालचा भाव

वाट आणि हद्द सोडून थांबण्याचं तिसरं एक कारण आहे, ते डोळ्यांना दिसत नाही: भरवसा. जिथे तोल खरा आणि पैसे रोख, तिथे माणूस दोन गावं ओलांडूनही जातो.

जुन्या पेठेत भाव 'हत्ता' पद्धतीने ठरायचा. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचे, बोटं आणि पेरं दाबून आकडा सांगायचे. शेतकरी शेजारी उभा. माल त्याचा, पण भाव त्याला शेवटी कळायचा. मग पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, व्हायची. तिच्यात आडत, हमाली, तोलाई, मातीचा म्हणून कडता, नमुन्याला घेतलेली ओंजळ, आणि वर धर्मादाय. देवाच्या नावाने कापलेला पैसा देवापर्यंत किती पोचायचा हे देवच जाणे.

याला पहिली वेसण वऱ्हाडात घातली गेली. देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून कारंजा लाडचं नाव घेतात, साल १८८६. कारण अर्थातच कापूस: मँचेस्टरच्या गिरण्यांना तो नेमका तोललेला आणि ठरल्या जागी हवा होता. शेतकऱ्याच्या कळवळ्याने नियम आले असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण फायदा त्यालाही झाला. त्याच वाटेने पुढे मुंबई प्रांतात १९३९ चा आणि महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समितीचा कायदा आला: उघडा लिलाव, परवाना असलेला व्यापारी, ठरलेली कपात. समिती ज्या गावात, आवार ज्या गावात, त्या गावाला मालाला थांबवण्याचा जणू कायदेशीर हक्कच मिळाला. पुष्कळ तालुक्यांची गावं त्यानंतरची साठेक वर्षं त्या आवाराच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

कारंज्याचंच पुढे बघा. मूर्तिजापूर-यवतमाळ अरुंद रुळांवरची 'शकुंतला' कारंज्यावरून जायची, कापूस वाहायची. १९७२ पासून राज्याने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. खाजगी व्यापाऱ्याने कापूस घ्यायचाच नाही. ही योजना तीसेक वर्षं चालली. शेतकऱ्याला हमी मिळाली, पण चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, रखडायचे, आणि वऱ्हाडातल्या कापूसपेठांतल्या आडतींचा कणा मोडला. पुढे सोयाबीन पसरलं, शकुंतलेची चाकं थांबली. आता कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग जातो. त्या रस्त्याचा सगळा अभिमान कुठेही न थांबता जाण्याचा आहे. ठरावीक ठिकाणीच चढायचं आणि उतरायचं. बैलगाडीच्या काळातला शेटे-महाजन हे पाहता तर त्याने कपाळावर हात मारला असता.

लासलगावला लिलाव कसा होतो

थांब्याची कारणं सरली तरी टिकलेली पेठ पाहायची तर निफाड तालुक्यातल्या लासलगावला जावं. हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर नाही, महामार्गावर आहे ते पिंपळगाव बसवंत, आणि त्याचा बाजारही दणदणीत चालतो. लासलगावला पूर्वी रेल्वेचा आधार होता. आज कांदा ट्रकनेही तितकाच जातो. मग लोक तिथे का जातात?

सकाळी आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात. शेतकरी ट्रॉलीवर उभा, खाली लिलाव पुकारणारा समितीचा माणूस आणि त्याच्या मागे व्यापाऱ्यांचा घोळका. एक जण हात घालून कांदा उचलतो, अंगठ्याने मान दाबतो, साल चोळून रंग बघतो. बोली सुरू होते आणि तुम्ही नीट ऐकेपर्यंत संपते. चिठ्ठी हातात पडते, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. वर्षभराची मेहनत एका मिनिटाच्या आत आकड्यात बसते. मग काटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी करायची. वरचा कांदा एक आणि खालचा दुसराच निघाला, तर खरी वादावादी तिथे. खळ्यावर बायकांच्या रांगा कांदा निवडत असतात, प्रतवारी होते, गोण्या शिवल्या जातात.

उत्तर त्या घोळक्यात आहे. जिथे खरेदीदार जास्त तिथे विकणारा जातो. जिथे माल जास्त तिथे खरेदीदार येतो. हे चाक एकदा फिरायला लागलं की ढकलणाऱ्याची गरज उरत नाही. वर्तमानपत्रात 'लासलगावचा भाव' छापून येतो, दिल्लीतला अधिकारी तोच विचारतो. मालाबरोबर तिथे भावही तयार होतो, आणि भाव तयार होण्याची जागा सहजासहजी हलत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरण प्रक्रियेचं, म्हणजे कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून किरणांचा मारा करण्याचं, केंद्र तिथे उभारलं तेही याचमुळे.

पण एकाच पिकावर टेकलेल्या पेठेला आपला गळा दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, तेव्हा नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले. त्याच वर्षी डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली. लिलाव बंद म्हणजे फक्त शेतकरी आणि व्यापारी बसले असं होत नाही. काट्यावरचा, हमाल, गोणी शिवणारी, वडापाववाला, ट्रॅक्टरचं पंक्चर काढणारा, सगळ्यांच्याच हाताला त्या दिवशी काम नसतं.

रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो

गावाला पक्का रस्ता आला की बाजार वाढेल, असं आपण धरून चालतो. रस्ता माल आणतो तसा गिऱ्हाईकही नेतो. १९४८ मध्ये एस.टी. सुरू झाली आणि बैलाने आखलेलं दहा-बारा किलोमीटरचं रिंगण चाळीस-पन्नासचं झालं. मग जीप, टमटम, आणि शेवटी दारोदारी मोटरसायकल. यात सगळ्यात खालचं दुकान मरत नाही; मीठ, तंबाखू आणि मोबाईलचं रिचार्ज वेशीवर लागतंच. सगळ्यात वरचं शहर फुगतं. भरडला जातो तो मधला. ज्या गावात आठ-दहा कापडाची दुकानं, दोन सोनार आणि एक भांडीवाला होता, ते गाव. पोरगी म्हणते, लग्नाचा बस्ता लातूरला काढू, नाही तर सोलापूरला. तासाभराचा रस्ता. भांडीवाला बघत राहतो.

मधल्या गावाला वाचवतं ते बहुधा सरकार. तहसील, कोर्ट, दुय्यम निबंधक, पंचायत समिती यातलं काही गावात असेल तर माणसाला यावंच लागतं. आला की चहा पितो, झेरॉक्स काढतो, एखादा फावड्याचा दांडा घेतो. तालुका विभाजनासाठी गावं जीव तोडून मोर्चे का काढतात, याचं कारण अस्मितेपेक्षा या झेरॉक्समध्ये जास्त आहे.

राजापूरने हा खेळ कितीतरी आधी पाहिला. १६४९ मध्ये इंग्रजांनी वखार घालावी इतकं ते बंदर मोलाचं होतं. घाटावरून मिरी, कापड उतरायचं, खाडीतून गलबतं जायची. खाडी गाळाने भरत गेली, गलबतं खालीच थांबू लागली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा स्टेशनही गावापासून बरंच लांब पडलं. पाणी आणि लोखंड, दोघांनीही पाठ फिरवली.

आता पैशाकडे वळू, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आपल्या पेठेत आज पूर्वीपेक्षा पैसा जास्त दिसतो: काचेची दुकानं, शोरूम, मंगल कार्यालयं. तरी पेठ पोकळ वाटते. का? समजा, शेतकऱ्याला तुरीचे एक लाख आले. पूर्वी त्यातला मोठा भाग गावातच फिरायचा. सुताराला गाडीच्या चाकाचे, शिंप्याला अंगरख्याचे, सोनाराला गोठ-पाटल्यांचे. सुतार तोच पैसा वाण्याला द्यायचा, वाणी तेल्याला. एक रुपया गाव सोडण्याआधी पाच-सहा हात बदलायचा, आणि हात बदलताना प्रत्येक घरात चूल पेटवायचा. आता ट्रॅक्टरचा हप्ता बँकेमार्फत कंपनीला जातो, मोबाईलचे पैसे कंपनीला, पोराच्या क्लासची फी लातूर किंवा पुण्याला, बियाणं-औषधाचे पैसे कृषी सेवा केंद्रातून वरच्या कंपनीला. दुकानदाराला उरतं ते त्याचं कमिशन. पैसा पेठेत येतो जास्त, टिकतो कमी. धरण भरलंय, पण खालचा दरवाजा उघडा आहे.

आणि येणारा पैसाही बदलला. उसाच्या पट्ट्यात कारखान्याचं बिल बँकेत जमा होतं आणि त्या आठवड्यात मोटरसायकलीच्या शोरूमसमोर नारळ फुटतात. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून अनेक ठिकाणी कारखान्याचं फाटक हीच नवी पेठ झाली. काही गावं मास्तरांच्या पगारावर आणि पेन्शनवर चालतात. तिथल्या दुकानांत गर्दी पिकावर नाही, महिन्याच्या एक तारखेवर ठरते. काही गावं रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावर. या शेवटच्या पैशाची चमक सगळ्यात झगझगीत आणि सगळ्यात अल्पायुषी. दोन-तीन वर्षांनी त्या गावात जुन्या गाड्यांचा बाजार तेजीत असतो.

मी अनोळखी गावात उतरलो की आधी स्टँडपासून जुन्या पेठेपर्यंत चालत जातो. कृषी सेवा केंद्रं किती आणि त्यांच्या दारात उधारीचं बोलणं चाललंय की रोखीचं, ते ऐकतो. सोनार नवे दागिने विकतोय की तारण घेतोय, ते बघतो. क्लासच्या पाट्या गावातल्या आहेत की लातूर-पुण्याच्या? लॉजवर उतरणारे कोण? शटर बंद असेल तर कुलूप गंजलंय का? दुपारच्या वेळी चहाच्या गाड्यावर बसलेल्या चारजणांत बाहेरगावचा एकही नसेल, तर त्या गावात सध्या कोणाला थांबावं लागत नाही.

बार्शीत अजून थांबावं लागतं. बाजार समितीत तूर, सोयाबीन, ज्वारी येते, पण मी सांगतोय ते दुसऱ्या गर्दीबद्दल. गावात नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे, आणि ग्रामीण भागातल्या कर्करोगाची देशातली पहिली नोंदणी १९८७ मध्ये इथेच सुरू झाली. शिवाय जुन्या शिक्षणसंस्थांची कॉलेजं, मोठे दवाखाने. बालाघाटावरची माणसं पुन्हा खाली उतरतात, हातात नमुन्याच्या तुरीऐवजी प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन. हा थांबा कोणी हौसेने निवडत नाही, पण खानावळी, औषधाची दुकानं, रिक्षा, भाड्याच्या खोल्या त्यावर चालतात.

गेल्या वर्षी गावाकडच्या एका नातेवाइकाच्या तपासणीसाठी दोन रात्री मुक्काम पडला. खोली मिळाली ती जुन्या पेठेतल्या एका आडतीच्या माडीवर. खाली गादीची बैठक अजून होती, भिंतीवर लक्ष्मीची तसबीर, कोपऱ्यात न वापरलेला मोठा तराजू. मालकाने आधी गाव विचारलं, मग भाडं सांगितलं, आणि जाता जाता म्हणाला, जेवण बाहेर शोधू नका, घरातूनच डबा देतो.